शंभराचे दहा आणि दहाचे वीस



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो असा : जगात युद्धे चालू आहेत, जकाती वर-खाली होत आहेत, देशातले कायदे बदलत आहेत, अशा अस्थिर काळात कारखान्यातल्या माणसाचा जीव, त्याचे हातपाय आणि त्याची छाती सांभाळायची कशी? विषय आजचा आहे. तरी मी आपल्याला दीडशे वर्षे मागे नेणार आहे. माझे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. कायदे मी कारखान्याच्या दारात वाचायला शिकलो, आणि ज्या कायद्याचा अर्थ लागेना त्याचा इतिहास शोधत गेलो. त्या शोधात एक गोष्ट ध्यानात आली. कामगाराच्या सुरक्षिततेचा एकही महत्त्वाचा कायदा शांत, स्थिर काळात झालेला नाही. प्रत्येक कायदा कोणत्या ना कोणत्या जागतिक गडबडीच्या पोटातून आला आहे, आणि पुढच्या गडबडीत त्याला भोकेही पडली आहेत. तेव्हा, 'काळ स्थिर होऊ दे, मग बघू,' असे म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मग लागते कोणाच्या? तेच आज सांगायचे आहे.

आपल्या कराडकरांना हा इतिहास परका नाही. सातारा जिल्ह्यातल्या किती घरांतला कर्ता माणूस मुंबईला गिरणीत किंवा गोदीत होता, हे मी सांगायला नको. कोयनेच्या खोऱ्यातली, माणदेशातली माणसे खांद्यावर घोंगडी टाकून गेली आणि भोंग्यावर उठू लागली. पुढे कारखाने आपल्याही दारात आले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि १९१६ साली इथे जवळच ओगले बंधूंचा काचेचा कारखाना उभा राहिला. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघर होता. त्या कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून माणसे मोठी झाली. पण त्याची काच ज्या भट्टीपुढे तयार होई, त्या भट्टीची धग कोणी सोसली, हे आपण क्वचितच विचारले.

आता १८७५ सालाकडे येऊ. त्या एका वर्षात किती गोष्टी घडल्या पाहा. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपली आजची बैठक त्याच परंपरेतली. त्याच साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्याच साली मुंबईच्या गिरणीमालकांनी आपला संघ स्थापन केला. आणि त्याच साली मुंबई सरकारने गिरण्यांतल्या परिस्थितीच्या चौकशीसाठी पहिले कमिशन नेमले. या गोष्टी वरवर वेगळ्या दिसतात, पण त्यांतल्या शेतकऱ्याला आणि गिरणीला बांधणारा एक धागा अमेरिकेतून आलेला होता. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला. शेतकरी कर्जात राहिला. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती आलेल्या पैशातला काही गिरण्यांत गेला. आणि कर्जात बुडालेला माणूस त्या गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिला. अमेरिकेतल्या तोफेचा आवाज सुप्याच्या बाजारात असा ऐकू आला.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापली. वीस वर्षांत गिरण्या वाढल्या आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना त्या खुपू लागल्या. मुंबईच्या गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, सुटीचा नेम नाही, सात-आठ वर्षांची पोरे यंत्राखाली शिरून झाडलोट करीत. म्हणून माल स्वस्त पडतो, अशी त्यांची ओरड सुरू झाली. १८७५ मध्ये लॉर्ड शॅफ्ट्सबरी यांनी ब्रिटिश उमरावांच्या सभेत हा प्रश्न काढला. शॅफ्ट्सबरी हे विलायतेतल्या मुलांसाठी आयुष्यभर झगडलेले गृहस्थ होते, त्यांची कळकळ खोटी नव्हती. परंतु त्यांच्या कळकळीच्या मागे मँचेस्टरचा हिशेबही उभा होता. आपल्याकडच्या कमिशनात गिरणीशी संबंध असलेलेच सभासद अधिक. बहुसंख्यांनी कायद्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला.

आता देशी बाजू काय होती? बहुतेक देशी वृत्तपत्रांनी कारखान्याच्या कायद्याला विरोध केला. लँकेशायरचा हा कावा आहे, स्वदेशी धंदा बुडवण्यासाठी दयेचे सोंग आणले आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांत तथ्य नव्हते असे नाही. त्याच मँचेस्टरवाल्यांच्या दबावाखाली पुढे १८८२ साली कापडावरची आयात जकात उठवण्यात आली. पण या भांडणात एक माणूस कोणाच्याच लक्षात नव्हता, तो म्हणजे साच्यावर उभा असलेला. पट्ट्यात हात गेला, तर तो हात लँकेशायरच्या काव्याने तुटला की स्वदेशीच्या प्रेमाने, याचा त्या हाताला काय फरक पडतो? आपल्यातल्या सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मात्र स्वतः पारशी आणि धनिक समाजातले असून १८७८ साली स्वतंत्र मसुदा तयार केला. पैशाच्या बाजूला असूनही माणसाच्या बाजूने बोलणारे लोक तेव्हाही होते, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

अखेर १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला. तो शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास, त्यांना महिन्यात चार सुट्या, धोक्याच्या यंत्रांना कुंपण आणि अपघाताची वर्दी देण्याची सक्ती, एवढाच त्याचा जीव. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक अक्षर नाही. हा शंभराचा आकडा लक्षात ठेवा. मी आपल्याला पुढे त्याच आकड्याची गोष्ट सांगणार आहे.

इथवर कायदा दोन मालकांच्या भांडणातून आला. यानंतर जे घडले ते वेगळे आहे, आणि ते एका मराठी माणसाने घडवले. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. ठाण्यात वाढलेले, गिरणीत भांडारावर नोकरी केलेले. १८८० पासून 'दीनबंधु' पत्र ते मुंबईतून चालवीत. १८८४ साली सरकारने दुसरे कमिशन नेमले तेव्हा लोखंड्यांनी काय केले? मालक काय सांगतात, विलायतेत काय चालले आहे, याची वाट पाहत ते बसले नाहीत. सप्टेंबरात परळला कामगारांची सभा भरवली, मागण्या ठरवल्या, त्या कागदावर लिहिल्या आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेतल्या. त्यांतले बहुतेक निरक्षर असणार.

त्या पाच मागण्या ऐका. दर रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी मागणी : कामावर असताना ज्याला जबर इजा झाली त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा पंगू झाला त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

या पाचव्या मागणीपाशी थोडे थांबू या. १८८४ साल. काँग्रेसची स्थापना अजून व्हायची होती. अपघाताच्या भरपाईचा कायदा खुद्द इंग्लंडात १८९७ साली आला. त्याच्या तेरा वर्षे आधी परळच्या मैदानात जमलेल्या माणसांनी तो कागदावर मांडला होता. मालक हसले असतील. सरकारने तो कागद दप्तरात टाकला. पण कागद टाकला तरी तो टिकला. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली; तीत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. जूनमध्ये मालकसंघाने रविवारची सुटी कबूल केली. आज आपण रविवारी दुपारी जेवून आडवे होतो तेव्हा ती झोप कोणाची कमाई आहे, हे विसरू नये. १८९१ चा कायदा आला. शंभराचे पन्नास झाले, नऊ वर्षांखालील मुलांना बंदी झाली, बायकांना अकरा तासांची मर्यादा आली, अर्ध्या तासाचा विसावा आणि आठवड्याची सुटी कायद्यात आली. लोखंडे पुढे १८९७ साली मुंबईच्या प्लेगात लोकांची सेवा करताना त्याच रोगाने गेले. अवघे एकोणपन्नास वर्षांचे आयुष्य.

विज्ञान पुढे गेले की कामगाराचे ओझे आपोआप कमी होते, असा एक समज आहे. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. स्वदेशीच्या चळवळीने कापडाला मागणी आली होती. आजवर सूर्य मावळला की गिरणी थांबे. आता सूर्याचे काम राहिले नाही. दिवस तेरा, चौदा, पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. ज्या दिव्याने गावातल्या पोराला वाचता येऊ लागले त्याच दिव्याने गिरणीतल्या बापाची रात्र खाल्ली. कामगार बिथरले, चौकश्या झाल्या आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांनाही प्रथमच बारा तासांची मर्यादा बसली.

मग आले पहिले महायुद्ध. चार वर्षे गिरण्या दौडत होत्या, नफा वाढत होता आणि महागाईने चूल विझत होती. १९१७ साली रशियात क्रांती झाली. सगळ्या जगातल्या सरकारांच्या पोटात गोळा उठला. कामगाराला काही दिले नाही तर तो सगळेच घेईल, हे त्यांना उमगले. व्हर्सायच्या तहात आंतरराष्ट्रीय मजूर संघटना जन्माला आली आणि १९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टनला तिची पहिली परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे नारायण मल्हार जोशी होते. जगाला आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास आणि हिंदुस्थानला साठ, असा भेदाचा ठराव झाला. तरी साठ ही देखील मर्यादाच होती. १९२२ चा कायदा त्यातून आला. पन्नासाचे वीस झाले, मुलांचे किमान वय बारा झाले. आणि १९२३ साली अपघात भरपाईचा कायदा झाला, तो १९२४ च्या १ जुलैपासून लागू झाला. लोखंड्यांच्या पाचव्या मागणीला एकोणचाळीस वर्षांनी उत्तर आले.

आता मला जे सांगायचे आहे ते इथे स्पष्ट होते. कायदा घडवून आणायला महायुद्ध लागले, क्रांतीची भीती लागली. ती लोखंड्यांनी आणली नव्हती. परंतु दार उघडले त्या घटकेला आत ढकलायला कागद तयार होता. ज्यांची मागणी आधीपासून लिहिलेली असते, त्यांना गडबडीच्या काळात काही मिळते. ज्यांची लिहिलेली नसते, त्यांच्याकडून त्याच गडबडीत असलेलेही काढून घेतले जाते. १९२३ च्या कायद्यातच याचा दुसरा पुरावा आहे. त्यात अपघात होता. धंद्यामुळे जडणाऱ्या रोगांची मोजकीच यादी होती आणि कापसाच्या धुळीने होणारा छातीचा रोग तिच्यात नव्हता. रविवारी बरे वाटते आणि सोमवारी खात्यात पाऊल टाकले की छाती आवळते, हे गिरणीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पण तुटलेला हात दिसतो, भरलेली छाती दिसत नाही. कोणी ती सह्यांच्या कागदावर आणली नव्हती. म्हणून ती मागे राहिली.

आता गडबडीत काढून घेतले जाते कसे, त्याचे उदाहरण. तारीख १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज दोन दिवसांपासून लागले होते. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. शांततेच्या काळात दारूगोळ्याचे जहाज गोदीच्या आत घ्यायचे नाही, बाहेरच पडावांत उतरवून घ्यायचे, असा नियम होता. तो का होता हे सांगायला नको. युद्धाच्या घाईत तो सैल करण्यात आला. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाणही जहाजावर नव्हते. दुपारी कापसातून धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे गेली. विझवायला गेलेल्या अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. म्हणून त्या दिवशी आजही अग्निशमन सेवा दिन पाळतात. जे हमाल आणि गोदी कामगार मेले, त्यांत घाटावरची माणसे होती. कापसाशेजारी काय ठेवले आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

याच गोदीची आणखी एक गोष्ट. गोदी कामगारांचे चढउतार करतानाच्या अपघातांपासून रक्षण व्हावे म्हणून १९३४ साली एक कायदा मंजूर झाला होता. तो अंमलात यायला १९४८ साल उजाडले. चौदा वर्षे तो कपाटात होता. त्या कायद्याने हा स्फोट टळला असता, असे माझे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की कायदा मंजूर होणे आणि कायदा लागू होणे या दोन वेगळ्या तारखा असतात, आणि त्यांच्यामध्ये माणसे काम करीत असतात.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. युद्धाच्या नावाखाली तासांच्या कलमांतून सुटी दिल्या जात होत्या, तेव्हाच त्यांनी युद्धानंतरच्या तरतुदींची तयारी चालवली. १९४६ साली आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले. वॉशिंग्टनला जे आपल्याला नाकारले होते ते सत्तावीस वर्षांनी मिळाले. आणि १९४८ चा कारखाना कायदा आला. यंत्रशक्ती असेल तिथे दहा माणसे पुरेत. शंभराचे पन्नास, पन्नासाचे वीस, विसाचे दहा. सदुसष्ट वर्षांत हा आकडा एकाच दिशेने चालत आला. दोन महायुद्धे, प्लेग, मंदी, फाळणी, सगळे पाहत तो खाली येत राहिला. कायद्याची सावली मोठ्या गिरणीवरून निघून लहान गाळ्यापर्यंत पोचली.

पुढेही तोच क्रम. मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला मालकच नव्हता. तो रोज नव्या व्यापाऱ्याचा. आपल्या पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्याला संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ज्याला मालक नाही त्यालाही कायदा लावता येतो, हे सातारच्या माणसाने देशाला दाखवले. नंतर १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झाले. एका रात्रीत विषारी वायूने हजारोंचा घास घेतला. १९८७ साली कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांचे नवे प्रकरण आले. त्यात कामगाराला एक हक्क मिळाला : जिवाला लगेच धोका आहे अशी रास्त शंका आली, तर ती कारखान्याच्या चालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क. २०२० च्या संहितेतही तो आहे. तो वापरणारे किती, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेले. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी लागली. ७ मे रोजी विशाखापट्टणमजवळ एल. जी. पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरीन वायू सुटला. टाळेबंदीत पडून राहिलेल्या टाकीत बिघाड झाला होता. बारा माणसे गेली. बंद यंत्र चालू यंत्रापेक्षा बेभरवशाचे असते, हे आपल्या साखर कारखान्याच्या बॉयलरवरचा माणूसही सांगेल. त्याच सुमारास अनेक राज्यांनी कारखान्यांना तासांच्या मर्यादेतून सूट दिली. गुजरातने १९४८ च्या कायद्यातले पाचवे कलम वापरले. ते कलम सार्वजनिक आणीबाणीचे. म्हणजे युद्ध, परचक्र किंवा अंतर्गत बंडाळीने देशाची सुरक्षितता धोक्यात आली तर सूट देता येते, तीही एका वेळी तीन महिन्यांपुरती. एका कामगार संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने त्या अधिसूचना रद्द केल्या आणि जादा तासांचे जादा वेतन द्यायला लावले. रोगाची साथ ही त्या कलमातली आणीबाणी नव्हे, असे न्यायालयाने सांगितले.

परंतु त्याच सप्टेंबरात संसदेने तेरा कायदे एकत्र करून सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांची एक संहिता मंजूर केली होती. तीत सूट देण्याच्या कारणांमध्ये युद्धाबरोबर आपत्ती आणि साथ हे शब्द आले, आणि मुदत तीन महिन्यांऐवजी एका वेळी एक वर्षापर्यंत झाली. न्यायालयाने एक दार लावले, तोवर शेजारची भिंत पाडून झाली होती. ही संहिता पाच वर्षे कपाटात राहिली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. मधल्या पाच वर्षांत आम्हाला गाळ्यागाळ्यांतून एकच प्रश्न येई : आता जुना कायदा की नवा? त्याच २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दिवसाच्या तासांची मर्यादा नवावरून बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली. १९११ साली जी मर्यादा मिळवली म्हणून आपल्या पणज्यांनी आनंद केला, तोच आकडा.

संहितेबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र आणि ठरवलेल्या वर्गांना दरसाल मोफत आरोग्य तपासणी, या चांगल्या गोष्टी तीत आहेत. नोंदणीसाठी दहाचा आकडा ठेवला आहे. जीवघेण्या कामाला एक माणूस असला तरी संहिता लावण्याचा अधिकार सरकारला आहे. पण यंत्रशक्तीवरच्या 'कारखान्या'ची व्याख्या दहावरून विसावर गेली. काही राज्यांनी असे बदल आधीच सुरू केले होते. साऱ्या देशाच्या कायद्यात मात्र १८८१ पासून हा आकडा प्रथमच उलट फिरला.

याचा अर्थ आपल्या परिसरात काय होतो? ओगलेवाडी, तासवडे, पलूस, तिकडे सांगली-कोल्हापूरच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे माग. दहा-बारा, पंधरा माणसांचे किती तरी गाळे. मालकही बहुधा आपल्यातलाच, कालपर्यंत स्वतः लेथवर उभा असलेला. त्याची अडचण खोटी नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत जकात चढवली, तेव्हा परदेशी ऑर्डरवर जगणाऱ्या लहान धंदेवाल्याच्या पोटात गोळा आला. ऑर्डर आली की घाई, गेली की कपात. आणि दोन्ही वेळा पहिली कात्री सुरक्षिततेला लागते.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो. एका गाळ्यात तातडीची ऑर्डर होती. वेग वाढावा म्हणून पॉवर प्रेसचा गार्ड काढून ठेवला. चौथ्या रात्री एका तरुणाची दोन बोटे गेली. दवाखान्याचा खर्च मालकाने केला. पण अपघाताची नोंद कुठेही नव्हती आणि हजेरीपटावर त्या रात्री त्या मुलाचे नावच नव्हते. भरपाईची वेळ आली तेव्हा तो कामावर होता, हे सिद्ध करायचे कसे? शेजारच्या यंत्रावरचा एक कामगार आपले जादा तास मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत मागच्या पानांवर लिहीत असे. त्यात तारीख होती, वेळ होती, कोण कोणत्या यंत्रावर होता ते होते, गार्ड कधी काढला तेही होते. त्या वहीने निकाल लावला. पेन्सिलीने लिहिलेली चार पाने. पण त्या मुलाच्या बाजूने तेवढाच कागद होता.

परळच्या सह्या आणि ही वही यांत मला फरक वाटत नाही. म्हणून मी जिथे जातो तिथे पहिली गोष्ट हीच सांगतो : आपली वही ठेवा. झालेला अपघात लिहा आणि थोडक्यात टळलेलाही लिहा. गार्ड कधी निघाला, पंखा कधी बंद पडला, खोकला कोणाला किती महिने आहे, सगळे तारखेनिशी. दुसरी गोष्ट, एका गाळ्यात बाराच माणसे असतील, तर पाच गाळ्यांत साठ होतात. कायद्याने सुरक्षा समिती सांगितली नसली, तरी ती बसवायला कायदा आडवा येत नाही. मालकालाही तिच्यात बोलवा. ज्याने स्वतः लेथ चालवला आहे त्याला गार्डचे महत्त्व पटवणे सर्वांत सोपे असते. तिसरी गोष्ट, मागण्या आजच लिहून ठेवा. सूट दिली तर तिची मुदत किती, ती कोणत्या कलमांना लागत नाही, आणि जादा तासांनंतर माणूस घरी सुखरूप जाईल याची जबाबदारी कोणाची, हे लिहिलेले असले पाहिजे.

आणि आपण कामगार नसलेल्या श्रोत्यांनी काय करावे? डॉक्टरांनी खोकल्याच्या रोग्याला धंदा विचारावा आणि तो कागदावर लिहावा. वकिलांनी वर्षाकाठी एखादे तरी बोट गेलेल्या माणसाचे प्रकरण हाती घ्यावे. शिक्षकांनी शिवाजी, टिळक यांच्याबरोबर मुलांना लोखंडेही शिकवावेत. लँकेशायर, वॉशिंग्टन, कराची आणि दिल्ली इथे काय ठरेल, हे कराडच्या हाती नाही. १८८४ सालीही ते परळच्या हाती नव्हते. त्यांच्या हाती एक कागद होता आणि साडेपाच हजार माणसांची नावे होती. तेवढे आपल्याही हाती आहे. शंभराचे दहा करायला सदुसष्ट वर्षे लागली. दहाचे वीस झाले म्हणून इतिहास संपला, असे समजण्याचे कारण नाही. त्याचे पुढचे पान कोरे आहे आणि ते कोणी तरी लिहिणारच. ते दुसऱ्यांनी लिहून आपल्याला वाचून दाखवावे, अशी पाळी आपण येऊ देऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.